साखळीची पावलं

प्रिय बेबी,

त्या सकाळी मी नळावरून पाण्याचे दोन डबे भरून आणले, तंबूवरचं दव जुन्या टॉवेलने पुसलं, काठ्यांवर उलटे अडकवलेले बूट काढून झटकले आणि स्टोव्ह पेटवला. वारा तळ्याकडून होता म्हणून स्टोव्हला पत्र्याचा आडोसा केला. झाकणावर पाव गरम केला, थर्मास भरला, चार उकडलेली अंडी कागदात गुंडाळली. तोवर हे घडीच्या स्टुलावर बसून ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते, डावा पाय सरळ पुढे करून, वाट अडवायला टाकलेल्या वाशासारखा. दोन बदकं पायाशी घुटमळत होती. हे त्यांना समजावत होते की बायांनो, इथे काही मिळायचं नाही, पलीकडे गाडीवाले उतरलेत, त्यांच्याकडे जा, तिथे केक असतो. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, साखळी, आटप, पावणेआठची चुकली तर पुढची साडेआठला. ही कुठल्या वर्षाची सकाळ, ते मला सांगता यायचं नाही. बारा उन्हाळे अशाच सकाळी होत्या. त्या वेळी वाटायचं, रोजचंच तर आहे.

तुला आमचं हे तळ्यावरचं राहणं कधी पटलं नाही. इतकं मोठं शहर बघायला जायचं आणि झोपायचं चिखलात, असं तू म्हणायचीस. पण शहरात हॉटेलात आठ-दहा दिवस राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं, आणि तळ्याकाठी सतरा नंबरची जागा, एक नळ, एक लाकडी टेबल आणि फाटकाशी बसचा थांबा एवढं मिळत होतं. चाळीस मिनिटांत बस आम्हाला शहराच्या घड्याळाच्या चौकात सोडायची. दिवसभर शहर, संध्याकाळी तळं. शहर अंगावर आलं की परत येऊन पाय पाण्यात सोडून बसायचं. ह्यांचं म्हणणं असं की शहर बघायचं तर त्याच्या बाहेर राहावं, म्हणजे रोज सकाळी ते नव्याने भेटतं.

मोजणी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, मोजल्याशिवाय त्यांना काही बघितल्यासारखं वाटायचं नाही. आणि गुडघा तर पुलाच्या कामावर असताना पडले तेव्हापासून वाकत नव्हता. शंभर पावलं गेले की त्यांना बसायला लागायचं. म्हणून आमची एक पद्धत पडली. हे बाकावर बसायचे, मी पुढे चालत जायचे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत पावलं मोजायची, परत येऊन आकडा सांगायचा, हे वहीत लिहायचे. मग आम्ही दोघं मिळून सावकाश तेवढंच अंतर जायचो आणि वाटेत मला काय दिसलं, त्यांना काय दिसलं, तेही लिहायचे. मोजणीवाले जमीन मोजायला लोखंडी साखळी वापरत, म्हणून मी साखळी. लग्नात ठेवलेलं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, पण हे नाव दिवसातून पन्नासदा घ्यायचे. दर उन्हाळ्याला शहरातली एक वाट, दर वाटेला एक निळी वही.

मी सातवीत शाळा सोडली, हे तुला माहीत आहे. तुला पुढे शिकवायचं म्हणून सोडली, हेही माहीत आहे. ते मी कधी काढलं नाही आणि आजही काढणार नव्हते, पण आता लिहून झालं, राहू दे. मला वाचायची गोडी लागली ती पुड्यांच्या कागदांवरून, मग वाचनालयातून, आणि मग ह्यांच्या वह्यांतून. त्यांचं अक्षर सरळ, नकाशावर लिहितात तसं. संध्याकाळी टेबलाशी बसून मी दिवसभराचं मोठ्याने वाचायची आणि ते चुका सांगायचे. मी म्हणायची, चूक तुमचीच, तुम्हीच लिहिलंय. ते म्हणायचे, वाचणारी पण कामाची हवी की नाही.

हे गेले त्या आठवड्यात तू येऊन राहिलीस. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि तू घर आवरत होतीस. मला चमच्याने भात भरवलास, केस विंचरलेस. ते मी विसरलेली नाही. महिनाभराने उठून कपाट उघडलं तर वरचा खण रिकामा. तुला विचारलं. तू म्हणालीस, अगं, कागदांचे ढीग होते, गडबडीत रद्दीत गेलं असेल काही, मला काय कळतंय त्यातलं. मी तुझ्यावर रागावलेसुद्धा नाही. उलट तुलाच वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, जाऊ दे, माणूसच गेलं तिथे वह्यांचं काय. त्यानंतर मी रद्दीवाल्याकडे तीन चकरा मारल्या. त्याच्या गोदामात गुडघाभर कागदांत उभी राहून निळं काही दिसतंय का ते बघितलं. तो बिचारा माझ्याबरोबर शोधत होता. हे तुला सांगितलं नव्हतं.

दीड वर्षाने तू पुस्तक पाठवलंस. ‘अकरा वाटा’. वर तुझ्या नवऱ्याचं नाव, मागे त्याचा हात बांधून उभा असलेला फोटो, आत तुझ्या अक्षरात ‘ताईस, प्रेमाने’. मला आधी आनंदच झाला. घरातला माणूस वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहितो, त्याचं पुस्तक आलं, चांगलं झालं. ओट्याशी उभी राहूनच उघडलं. पहिली वाट, घड्याळापासून मासळीबाजाराच्या लोखंडी फाटकापर्यंत, एकशे अठरा पावलं. मी गॅस बंद केला. एकशे अठरा हा आकडा मीच बाकापाशी येऊन सांगितला होता आणि हे म्हणाले होते, वा, सम आकडा, दिवस चांगला जाणार. प्रस्तावनेत तुझ्या नवऱ्याने लिहिलं होतं, ‘या पुस्तकातलं प्रत्येक पाऊल मी स्वतः चाललो आहे.’ मी पुस्तक मिटलं आणि गव्हाच्या डब्यामागे ठेवलं. तुला फोन करून म्हणाले, मिळालं. तू विचारलंस, कसं वाटलं. मी म्हणाले, छपाई छान आहे.

तू मला साधी समजतेस. साधी आहेच मी. पण साध्या माणसाला राग धरता येत नाही असं कोणी सांगितलं तुला? मी तो दीड वर्ष धरला. लोणच्यासारखा मुरवला म्हण हवं तर. त्याच्या मुलाखती आल्या, त्या कापून ठेवल्या. पुस्तकाला बक्षीस मिळालं, मी अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. वाचकांची पत्रं छापून यायला लागली की वर्णन झकास पण आकडे काही जुळत नाहीत, तेव्हा त्याने पुरवणीत उत्तर दिलं, ‘मी घाईचा माणूस नाही. मी शहरात रमतगमत, लहान पावलांनी चालतो.’ सहा फूट उंचीचा माणूस, रोज सकाळी पाच किलोमीटर पळणारा, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा! मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा एवढी हसले असेन.

मग या उन्हाळ्यात नवी आवृत्ती आली आणि जाहिरात वाचली, ‘लेखकासोबत चाला, वाट पाचवी, रविवारी सकाळी नऊ वाजता, घड्याळाच्या चौकातून’. मी माळ्यावरून तंबू काढला. तंबूच्या पिशवीला तीन वर्षं कोणी हात लावला नव्हता.

कॅम्पच्या मालकिणीने मला बघितलं, माझ्यामागे बघितलं, आणि एकटीच का एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. तिने न विचारता सतरा नंबर लिहिला. तंबू एकटीने उभारायला मला दुपार लागली. खांब उलटे घातले, परत काढले. शेजारच्या तंबूतली बाई मदतीला आली, तिला नको म्हणाले. रविवारला दहा दिवस होते. रोज सकाळी डबे, दव, बूट, स्टोव्ह, आणि पावणेआठची बस. दोन अंडी. पुस्तक पिशवीत. अकरा वाटा मी नऊ दिवसांत चालले. मला खात्री करायची होती. रागाच्या भरात माणूस स्वतःलाही फसवतं. एकशे अठरा म्हणजे एकशे अठराच होते का, की मला तसं वाटायला हवं होतं?

पहिल्या दिवशी एकशे तेवीस आले. परत चालले, एकशे चोवीस. तिथल्या बाकावर बसले, ज्याला पाठ आहे आणि उठताना धरायला कठडा आहे, आणि विचार केला की तीन वर्षांत म्हातारी झाले, पावलं आखडली, आता माझे पाय काय साक्ष देणार. मग लक्षात आलं की मी जवळजवळ रिकाम्या पिशवीने चालते आहे. त्या वेळी माझ्या खांद्यावर ह्यांची पिशवी असायची, थर्मास, वही, छत्री, घडीचं स्टूल, सगळं. दुसऱ्या दिवशी सगळं भरून पिशवी खांद्याला लावली. वजनाने अंग जरा पुढे झुकलं, पाय आपोआप लांब पडायला लागले. एकशे अठरा. कोर्टाच्या पायऱ्यांपासून धोब्यांच्या गल्लीपर्यंत चारशे बारा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या बोळातून ट्रामच्या डेपोपर्यंत पाचशे सात. पुस्तक म्हणेल ते माझे पाय म्हणत होते. कुठे एक कमी, कुठे दोन जास्त, बस. दर आकड्याला आतून काहीतरी घट्ट होत गेलं. आणि बेबी, प्रत्येक वाटेवर त्याने बाक छापलेत. कुठला बाक उंच, कुठल्याला पाठ आहे, कुठे उठताना आधार मिळतो. परीक्षण लिहिणाऱ्याने त्याला म्हटलंय, थकलेल्या वाटसरूची काळजी घेणारा लेखक. गुडघा होता तो. माझ्या नवऱ्याचा न वाकणारा गुडघा होता.

पाचव्या वाटेची तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी कोणाला सांगितलेली नाही. पूल ओलांडला की एक चढाची गल्ली लागते, तिच्या मध्यावर जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. त्या वर्षी मी मोजत निघाले, दीडशेच्या आसपास दुकानाशी पोहोचले, बाहेर खोक्यात पुस्तकं होती, एक उचललं. ताऱ्यांबद्दलचं होतं, वरचं पान नाही, शेवटची काही पानं फाटलेली. उभ्याउभ्या वाचत राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. भानावर आले तेव्हा आकडा डोक्यातून उडून गेला होता. परत खाली जाऊन पहिल्यापासून मोजायला हवं होतं, पण हे बाकावर वाट बघत होते. मी पुस्तक विकत घेतलं, पिशवीत खाली दडवलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि सांगितलं, तीनशे. त्यांनी लिहून घेतलं. बारा वर्षांत त्यांच्याशी मी बोललेलं हे एकच खोटं. ताऱ्यांचं पुस्तक मी महिन्याने बाहेर काढलं आणि त्याच खोट्याला जोडून वाचनालयातून आणलं म्हणाले.

आता पाचव्या दिवशी त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी ‘अकरा वाटा’चं ते पान उघडलं. आधी वाचलं नव्हतं. रोजची वाट रोजच वाचायची असं ठरवलं होतं. छापलं होतं, ‘पुलापासून गल्लीच्या टोकापर्यंत तीनशे पावलं. हा आकडा मनावर घेऊ नये. वाटेत पुस्तकांचं दुकान आहे.’

त्यांना माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं. काही बोलले नाहीत, हसले नाहीत, त्या दिवशीचं माझं वाचून झाल्यावर कधीतरी वहीत लिहून टाकलं आणि वर्षानुवर्षं मी संध्याकाळी ती वही हातात घेतली की हे स्वतःच म्हणायचे, ती नको, दुसरी वाच. मी गल्लीच्या भिंतीला हात लावून उभी राहिले. माझ्यासाठी ठेवलेलं ते बोलणं मला छापील पुस्तकात, दुसऱ्याच्या नावाखाली वाचायला लागलं. दोनशे एकतीस आहेत ती, मी मोजली. आणि तुला सांगू, त्या पुस्तकात लोकांना सगळ्यात आवडलेली ओळ हीच आहे. नव्या आवृत्तीच्या मागच्या बाजूला छापली आहे. लेखकाचा मिस्कीलपणा म्हणे.

रविवारी चौकात तीसेक माणसं जमली होती. मी टोपी घातली होती, खांद्याला पिशवी. तिकीट कॅम्पच्या मालकिणीने काढून दिलं होतं. लेखकराव पांढऱ्या बुटांत आले, दोन्ही हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला. गर्दीत एक निवृत्त बसड्रायव्हर होता, जाड मिशीचा, तो पहिल्यापासूनच पुस्तक उघडून तयार. पुलाशी आलो तसा तो म्हणाला, साहेब, इथे दोनशे चौसष्ट लिहिलंय, माझी एकशे नव्वदच होतात, चार वेळा बघितलं, माझ्या पायात खोट आहे की तुमच्या पुस्तकात? लोक हसले. लेखकरावही हसले आणि पाठ केलेलं उत्तर दिलं, लहान पावलं, रमतगमत, प्रत्येक पाऊल स्वतः चाललोय मी. मी वाट बघत होते तेच. तीस माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने. ड्रायव्हर म्हणाला, मग चालून दाखवा की. बाकीचेही म्हणायला लागले, हो, हो, दाखवा.

काय चाललाय तो, बेबी! ओल्या फरशीवरून चालल्यासारखा, गुडघे जुळवून, हात कुठे ठेवावे कळत नाही असा. सगळे मोठ्याने मोजत होते. दोनशे चौसष्ट झाली तेव्हा पूल निम्माच सरला होता. ड्रायव्हर म्हणाला, आता जरा जास्तच रमलात साहेब. पोरीबाळी खिदळायला लागल्या. तेव्हा मी पुढे झाले आणि म्हणाले, मी बघू का चालून? त्याने मला तेव्हा ओळखलं. चेहरा असा झाला, जसा दुधाचं भांडं उतू जाताना बघणाऱ्या माणसाचा होतो, हात पोहोचत नाही असा. मी पिशवी सारखी केली आणि चालले. दोनशे चौसष्टावं पाऊल पुलाच्या शेवटच्या दिव्याच्या खांबाशी पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गंमत वाटली त्यांना. ड्रायव्हर म्हणाला, बाई, पुस्तक तुमच्या मापाचं शिवलंय.

गल्लीत दुकानाशी थांबलो. एका शाळामास्तरीणबाईंनी कौतुकाने विचारलं, मग त्या दिवशी इथून कुठलं पुस्तक घेतलंत, ज्याच्यासाठी मोजणं विसरलात? तो म्हणाला, प्रवासवर्णन होतं एक, जुनं. मी बोलणार नव्हते. खरंच नव्हते, पूल पुरेसा झाला होता. पण ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ताऱ्यांचं होतं, वरचं पान नव्हतं, शेवटची अकरा पानं फाटलेली. सगळे माझ्याकडे वळले. आणि तो म्हणाला, ताई, पुरे. हळूच म्हणाला, पण गल्ली अरुंद आहे, सगळ्यांनी ऐकलं. तो ‘ताई’ एवढा एक शब्द बास होता. मी काही सांगायची गरजच उरली नाही. पुढच्या टप्प्याला लोक माझ्यामागे चालत होते, मोजत, आणि तो सगळ्यांच्या मागे. मास्तरीणबाईंनी मला विचारलं, तुमच्याबरोबर कोण असायचं? मी म्हणाले, बाकावर बसणारा.

खोटं कशाला बोलू, मजा आली. आपल्याच घरच्या माणसाची फजिती बघून मजा यावी याची लाजही वाटली नाही. तीन वर्षांत जेवणाला चव नव्हती, त्या दुपारी मी बसच्या थांब्यावर उभ्याउभ्या दोन्ही अंडी खाल्ली, मीठ न लावता.

तिथे तो आला. पांढरे बूट धुळीने भरले होते. म्हणाला, पुढच्या आवृत्तीत ऋणनिर्देश टाकतो, पहिल्याच पानावर, भाऊजींच्या प्रेरणेने असं काहीतरी. प्रेरणा! मी म्हणाले, उद्या सांगते. बस आली, मी चढले. आणि कॅम्पवर पोहोचते तोवर तुझा फोन.

तू रडत होतीस. म्हणालीस, वह्या मीच दिल्या त्याला. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, कोण बघणार होतं त्यांच्याकडे, त्या खणात कुजल्या असत्या, निदान लोकांनी वाचलं तरी. म्हणालीस, पुरवणीतलं काम जाईल त्याचं, आम्ही कुठे तोंड दाखवू, ताई, माझ्याकडे बघ. मी तुझ्याकडेच बघत होते, बेबी. तुझे फ्रॉक शिवले, तुझी फी भरायला मी शाळा सोडली, तुझ्याकडेच तर बघत आले. मी ऐकत होते आणि खरं सांगते, विरघळत होते. वाटलं, झाली फजिती, पुरे झालं, ऋणनिर्देश तर ऋणनिर्देश. तुला तसं म्हणणारही होते. तेवढ्यात तुझं रडणं थांबलं आणि तू वेगळ्याच आवाजात म्हणालीस, आणि तसं बघितलं तर तुझ्याकडे पुरावा काय आहे? पावलं काय, कोणाचीही असतात. वह्या त्याने केव्हाच जाळल्या.

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

तुला हे पत्र लिहिते आहे ते त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. फोनवर तू रडलीस की माझ्या हातून काही होत नाही. कागदावर तुझं रडणं ऐकू येत नाही. आणि हे तुला त्याच्याकडून किंवा वर्तमानपत्रातून कळू नये, माझ्याकडून कळावं. तू कपाटाचा खण रिकामा केलास, त्यात अकरा वह्या होत्या, म्हणून त्याच्या अकरा वाटा. पण उन्हाळे बारा होते. शेवटच्या उन्हाळ्यात ह्यांच्याने बसपर्यंतही जाववत नव्हतं, म्हणून आम्ही तंबूपासून तळ्याच्या धक्क्यापर्यंतची वाट मोजली, शहाण्णव पावलं, आणि बाकीचे दिवस हे टेबलाशी बसून मागच्या सगळ्या वाटांचे आकडे एका वहीत पुन्हा उतरवत राहिले, तारखांसकट. ती वही तंबूच्या घडीत राहून गेली होती. माळ्यावर तू चढली नाहीस. पहिल्या दिवशी तंबू उलगडला तेव्हाच ती माझ्या पायांवर पडली, म्हणजे दहा दिवस ती माझ्या उशाखाली होती, पण आकडे आधी माझ्या पायांकडून ऐकायचे म्हणून सगळ्या वाटा चालून होईपर्यंत मी ती उघडली नव्हती. पुलावर होते तेव्हा पिशवीतच होती. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात एकच ओळ आहे, ‘सगळी अंतरं माझ्या बायकोच्या पावलांत.’ तुझा फोन आला तो रविवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन डबे पाणी आणलं, तंबूवरचं दव पुसलं, पावणेआठच्या बसने शहरात गेले आणि ती वही प्रकाशकाच्या टेबलावर ठेवली.

तुझीच,
ताई